नानाजी दारात आले की

माझं माहेर जऊळक्याचं, म्हणजे रेल्वेचं. ज्या गावाला आगगाडी थांबते तिथली मुलगी केनवडला द्यायची, हे आमच्याकडच्या बायकांना आधीच फारसं पटलेलं नव्हतं. त्यात सासरा निघाला ताटी बांधणारा. गावात कुणी गेलं की तिरडी बांधणं, मयताला अंघोळ घालणं, खांदेकरी ठरवणं, सरण रचून घेणं, सगळं तेच पाहायचे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीने मला कोपऱ्यात ओढून सांगितलं की त्या घरात मेलेल्यांच्या अंगावरची लुगडी धुऊन नेसतात, तेव्हा देण्याघेण्यातलं लुगडं नीट उलगडून बघ. दुसरी एक शहाणी म्हणाली, तो माणूस कुणाकडेही बघताना आधी उंची मोजतो. या धास्तीने मी सासरी आल्यावर पहिले काही दिवस त्यांच्यासमोर कंबरेत वाकूनच वावरले. त्यांना वाटलं, सून फार मर्यादेची मिळाली.

सासऱ्यांचं नाव नानाजी. मी त्यांना मामाजी म्हणायचे. घरात जरा रुळल्यावर माझ्या लक्षात आलं की लोकांनी ज्याला यमाचा भाऊबंद ठरवलंय तो माणूस पालीला घाबरतो. भिंतीवर पाल दिसली की ओट्यावर जाऊन बसायचे आणि मी तिला हाकलल्याची खात्री झाल्याशिवाय आत यायचे नाहीत. गोठ्यातलं गोऱ्हं विकायचं ठरलं की त्या दिवशी अंधार पडेपर्यंत वावरातून परतायचे नाहीत. लुगड्यांचं तर सोडाच, ज्या घरी मयत झाली तिथल्या पाण्याचा घोटही ते घेत नसत. काम आटोपलं की विहिरीवर अंघोळ करून ओल्या धोतराने घरी यायचे आणि चहा मागायचे. या कामाचे ते काही घेत नाहीत, यावर अर्ध्या गावाचा विश्वास नव्हता. उरलेल्या अर्ध्याला वाटायचं, पैसे घेत नाहीत म्हणजे नक्कीच दुसरं काहीतरी घेत असतील.

माणसं एकदा काही धरून बसली की देवानेही समजावलं तरी सोडत नाहीत. नानाजींना माणूस जाणार हे आधी कळतं, असं म्हणायचे. त्यांचं काळीज दगडाचं आहे, असंही म्हणायचे, कारण मयताजवळ त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. पोरं झोपली नाहीत तर बाया त्यांच्या नावाने भीती घालायच्या. लग्नाचं आमंत्रण यायचं, पण हळद लावताना त्यांना कुणी पुढे करत नसे, आणि पंगतीत त्यांचं पान बरोबर टोकाला पडायचं. ते मुकाट्याने जेवून यायचे. मला मात्र राग यायचा, आणि मला राग आला की भांडी वाजतात, हे आमच्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

या सगळ्यात वाईट गैरसमज होता तो आजाऱ्याचा. नानाजी आजाऱ्याला बघायला दारात आले की तो अंथरुणावरून उठत नाही, अशी गावाची खात्री होती. झालं होतं इतकंच, की माझ्या लग्नाच्या आधी कधीतरी ते दोन म्हाताऱ्या माणसांना भेटायला गेले आणि ती दोघंही त्याच महिन्यात गेली. दोघंही इतकी थकलेली होती की मामाजी गेले नसते तरी जायचीच होती. पण गावाने ती दोन्ही मरणं यांच्या पायगुणावर घातली. तेव्हापासून मामाजींनी आजाऱ्याच्या घरी जाणं सोडून दिलं. ज्या माणसांबरोबर जन्म काढला त्यांच्या घरात त्यांना पाय ठेवता यायचा तो ती माणसं गेल्यावरच.

त्यांना गावात जिवाभावाचा माणूस एकच होता, पुंजाजी. मानमोडीची, म्हणजे त्या जीवघेण्या तापाची साथ आली तेव्हा हे दोघं मिसरूड फुटलेले पोरगे होते. घराघरात माणसं पडली होती आणि भाऊ भावाला हात लावायला तयार नव्हता. तेव्हा या दोघांनी पहिल्यांदा ताटी बांधली. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला तो. साथ ओसरली तरी कुणाकडे मयत झाली की लोक यांनाच बोलवायला लागले, आणि दोघंही जात राहिले. पुढे पुंजाजीचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी अट घातली, की नवऱ्या मुलाने हे काम सोडलं पाहिजे. ती मुलगी म्हणजे तुळसाबाई. पुंजाजीने काम सोडलं, मामाजींनी धरून ठेवलं. यावरून दोघांत कधी वाकडं आलं नाही.

दोघांकडे एकेकच बैल. तेव्हा वर्षानुवर्षं त्यांची सावड चालत आली होती. हा त्याचा बैल आणायचा, तो याचा न्यायचा, जोडी जुंपून दोघांचीही वावरं निघायची. बैलांनासुद्धा एकमेकांची इतकी सवय झाली होती की वेगळे बांधले तर वैरण टाकून एकमेकांकडे तोंड करून उभे राहायचे.

ज्या दिवाळीला आमचा वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या थोडं आधी पुंजाजीने अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं म्हणे. वाशिमच्या दवाखान्यात दाखवून आणलं, औषधं आणली, पण अंगातली शक्ती जात चालली होती. मामाजींना राहवेना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोनं द्यायचं निमित्त करून ते आपट्याची पानं घेऊन गेले. तुळसामामी दारातच उभ्या राहिल्या. बाई स्वभावाने वाईट नव्हती. डोळे भरून आले होते तिचे. हात जोडून तिने एवढंच म्हटलं, "भाऊजी, तुमी घरात नोका येऊ. मी पाया पडतो तुमच्या."

मामाजींनी पानं उंबऱ्यावर ठेवली आणि परत आले. मी विचारलं तर म्हणाले, झोपला होता. त्यांना खोटं बोलता येत नसे, बोलले की कान लाल व्हायचे.

पण बैल आणायला जावंच लागायचं. पुंजाजीचा गोठा घराच्या मागच्या अंगाला, आणि त्याची बाज त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला. मामाजी सकाळी बैल सोडताना जरा जास्तच खोकायचे. आतून पुंजाजी खोकून उत्तर द्यायचा. त्याचा खोकला खराच होता, पण मामाजी सांगायचे की तो मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम शेवटी एक ठसका जास्तीचा देतो. एवढ्यावर यांचा दिवस चांगला जायचा. घरी येऊन मला सांगायचे, "आज आवाज मोकळा होता." दोन म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंनी खोकतायत, याला मी आधी हसले होते. मग हसू येईनासं झालं.

दिवाळी झाली. ज्वारी दाण्यात आली होती, पाखरांचा सुळसुळाट झाला होता. वावरातल्या राखणीच्या माळ्याचे दोन खांब वाळवीने खाल्लेले, तेव्हा मामाजी बैलबंडी जुंपून रिसोडच्या बाजाराला निघाले. मीही सांगितलं, माझ्या नवऱ्याच्या अंगातल्या बंड्या फाटल्यात, येताना मांजरपाट आणा. वावरात प्यायच्या पाण्याचं मडकंही फुटलं होतं. ते काय आणतायत याचा आम्ही कुणीच विचार केला नाही. एरवी मामाजी या बाबतीत फार जपायचे. ताटीचा बांबू ते स्वतः कधीच आणत नसत. ज्या घरी मयत झाली त्यांनीच तो कुणाच्या बेटातून तोडून आणायचा, असा त्यांचा रिवाज होता. आपल्या हातात बांबू दिसला तर गाव घाबरेल, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात फक्त ज्वारी होती.

दुपार कलल्यावर बंडी वेशीतून आत आली. बंडीत दोन हिरवे बांबू, अंबाडीच्या दोरीचं वेटोळं, कोरं मडकं आणि पांढऱ्या कापडाची घडी. आणि ओढणाऱ्या जोडीतला एक बैल पुंजाजीचा. वेशीजवळच्या ओट्यावर सोजरबाई बसली होती. गावातली कुठलीही बातमी हिच्या घरून निघायची. तिने बंडीत पाहिलं, बैलाकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या केनवडला कळलं की नानाजींना कळलंय. पुंजाजीची घटका भरली आहे, म्हणूनच त्यांनी सगळं सामान आधीच आणून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने शिरपूरला कुणी जात होतं, त्याने ही बातमी पुंजाजीच्या बहिणीपर्यंत पोचवली. वाटेत तिच्यातलं "भरली आहे" गळून "गेला" झालं, कारण मोटारीत बातमी सांगायची तर अर्धवट कशाला सांगा.

गोमतीबाई शिरपूरहून निघाली ती रडतच. तिच्याबरोबर तिच्या दोन जावा. वेशीपासून तिने गळा काढला. छाती पिटत, भावाचे लहानपणापासूनचे गुण गात ती गल्लीतून आली, आणि तिचा आवाज ऐकून दारादारांतल्या बाया तिला येऊन मिळाल्या. कुणालाच शंका आली नाही. पुंजाजीच्या अंगणात ही सगळी मंडळी पोचली तेव्हा पुंजाजी अंगणात उन्हाला बाजेवर टेकून बसला होता आणि वाटीतून ज्वारीची पेज पीत होता. त्याने वाटी खाली घेतली आणि घाबरून विचारलं, "कोन गेलं वं?"

गोमतीबाईचा आ वासलेला तसाच राहिला. मी तिथे होते, मी डोळ्यांनी पाहिलं. मग पुंजाजीनेच एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला समजलं. त्याने वाटी बाजेखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

या सगळ्याचं खापर फुटलं ते मामाजींवर. पुंजाजीचा मुलगा जगदेव त्याच दिवशी आमच्या दारात आला. आईचं रडणं, आत्याची फजिती, बापाचं ते भिंतीकडे वळणं, सगळं त्याच्या डोक्यात गेलं होतं. तो काय काय बोलला ते मी सांगत बसत नाही. बाप जिवंत असताना तुम्ही त्याचं कफन विकत आणलं, हे मात्र तो पुन्हा पुन्हा म्हणाला. मी आतून मांजरपाट आणून त्याच्या पुढ्यात उलगडला, त्यावर नवऱ्याच्या अंगातल्या बंडीचं माप घेऊन खुणाही करून ठेवल्या होत्या. त्याने पाहिलंसुद्धा नाही. आमच्या गोठ्यातून स्वतःचा बैल सोडला आणि ओढत घेऊन गेला. यापुढे गोठ्याकडेही फिरकू नका, असं जाताना बजावलं.

इतक्या वर्षांची सावड तुटली. आमचा बैल रात्रंदिवस हंबरायला लागला. मामाजी त्याच्या मानेवरून हात फिरवत बसायचे. त्यांनी जगदेवला उलट शब्द केला नाही, सोजरबाईचं नाव घेतलं नाही. एकदाच मला म्हणाले, "माला पोरी, माहा खोकला त्याले आता ऐकू नाही जाणार. त्याले वाटीन मी रागावलो." त्या वेळी मात्र मला रडू आलं. त्या माणसाला बैलाची काळजी नव्हती, ज्वारीची नव्हती, बदनामीची नव्हती. जिवंतपणी आपली भेट होणार नाही आणि दोस्त मनात काहीतरी भलतंच घेऊन जाईल, याचं त्यांना दुःख होतं.

चारआठ दिवस मी गप्प राहिले. गप्प राहणं माझ्या अंगी नाही, त्यामुळे ते दिवस फार जड गेले. मग एका सकाळी विहिरीवर तुळसामामी एकट्या भेटल्या. रहाटाची दोरी हातात धरून उभ्या होत्या, पण पाणी ओढायचं विसरल्या होत्या. मी त्यांची घागर भरून दिली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, तुझ्या सासऱ्याला खरंच आधी कळतं का गं, काही बोलले का ते, किती दिवस आहेत.

बाईने मनातल्या मनात किती रात्री हा प्रश्न घोळवला असेल, हे मला कळलं, आणि तरीही माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, त्यांना काही कळत नाही. आमच्या मांजरीला पिल्लं कधी होणार हेसुद्धा त्यांना कळलं नव्हतं.

"ते दारात आले का मानूस जाते," तुळसामामी म्हणाल्या. "पाह्यलं हाये गावानं."

"मामी, मी त्यायच्या घरात रोज राह्यतो. मी तं जित्ती हावो." मी घागर त्यांच्या कमरेवर दिली. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही. "मामाजी गेले तर त्यायले दार उघडसानच ना? गावात दुसरं कोन हाये? मंग आताच काहून बंद ठेवता? जे काय बोलाचं ते मेलेल्या मानसाशी बोलतीन काय ते?"

पुंजाजींनाही मी मामाजीच म्हणायचे, म्हणून क्षणभर त्यांना कळेना मी कुणाबद्दल बोलतेय. मग कळलं, जाणारे ते पुंजाजी आणि दार उघडायचं ते नानाजींना. त्या घागर घेऊन गेल्या. घरी येऊन मी स्वतःच्या जिभेला शंभर शिव्या दिल्या. पण मनातून एक शब्दही मागे घ्यावासा वाटला नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी मी ओट्यावर सुपात डाळ पाखडत होते. समोरून तुळसामामी येताना दिसल्या. डोक्यावर पदर, पायात वहाण नाही, एकट्या, तरातरा. ज्या घरात त्यांनी लग्न झाल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं त्या घराकडे सरळ चाललेल्या. त्यांना पाहून गल्लीतल्या बाया दारात आल्या. नानाजीकडे बोलावणं करायला खुद्द घरची बाई आली, याचा अर्थ गावात एकच होता. सोजरबाईने तर डोळ्याला पदर लावून सुरुवातसुद्धा केली.

तुळसामामी आमच्या ओट्यापाशी थांबल्या आणि मागे वळल्या. "गप व्हय वं सोजरबाई. हायेत ते अजून," त्या म्हणाल्या. "अजून हायेत, म्हणूनच बलावाले आली."

मामाजी आत दोरी वळत बसले होते. ते बाहेर आले. हातातला अंबाडीचा पेळू तसाच लोंबत होता. त्यांनी विचारलं, "वहिनी, येऊ मी? नक्की?"

"मंग काय आता पत्रिका धाडू?" तुळसामामींनी म्हटलं, आणि त्यांचा आवाज फुटला.

मामाजींनी दोरी खाली ठेवली, हात धुतले, धुतलेलं धोतर नेसले आणि निघाले. मीही गाईचं दूध तांब्यात घेऊन मागून गेले. बोलावणं आल्यावर ते असे इतक्या वेळा निघाले होते, पण दरवेळी काखेत दोरी आणि हातात विळा. आज हात मोकळे. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. कधी मागे बांधायचे, कधी टोपी सारखी करायचे. लोक दारातून बघत होते. जगदेव अंगणात होता, त्याने आईकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

पुंजाजीची बाज आता आत होती. माणूस पार वाळून गेला होता. मामाजींना बघून त्याने पायाशी बसायची खूण केली. "आला का बाप्पा," तो म्हणाला. "मले वाटलं, आता मेल्यावरच येतं."

"तुह्या घरच्यायनं तसंच ठरवलं होतं."

दोघंही हसले. पुंजाजीला हसताना खोकला आला आणि मामाजींनी त्याची पाठ धरली. मग त्याने तक्रार सांगायला सुरुवात केली. जो येतो तो म्हणतो तब्येत सुधारली. गोमती म्हणते चेहऱ्यावर तेज आलं. जगदेव पुढच्या वर्षीच्या पेरणीचं विचारतो. मी मरणाचं नाव काढलं की बायको तोंडावर हात ठेवते. घरात आरसा आहे, मला दिसत नाही का? तेव्हा तू सांग.

मामाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पायावरची सूज बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाले, "मले काही आधी समजत नाही पुंजा, लोक काही म्हनोत. पन तू हरभरा सोंगाले येशीन असं नाही वाटत मले."

दारात तुळसामामी उभ्या होत्या, त्यांनी चौकट धरली. पण पुंजाजीने मोठा श्वास सोडला. डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा तसा त्याचा चेहरा झाला. "हां," तो म्हणाला. "मंग बोलू आता."

आणि ते बोलत बसले. बैलाचं बोलले. दोघा बैलांना परत एकत्र आणायचं, विकायचं नाही, हे पुंजाजीने जगदेवला आत बोलावून सांगितलं. तुळसेला अंधाराची भीती वाटते, तेव्हा सूनबाईने काही दिवस सोबतीला झोपायला यावं, असं माझ्याकडे बघून म्हणाला. मानमोडीच्या वर्षीच्या गोष्टी निघाल्या. तेव्हा पहिल्या ताटीची गाठ पुंजाजीने इतकी सैल मारली होती की विसाव्याला पोचेपर्यंत दोघांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी तो लाजत लाजत म्हणाला, "नाना, एक सांगू? हसजो नोको. मले थंडं पानी टाकजो नोको. जलमभर थंड्या पान्याचं भेव."

"कोमटच असते. कोपर बुडवून पाह्यतो मी आधी."

"मेलेल्याले काय समजते रे?"

"त्याले नाही समजत," मामाजी म्हणाले. "मले समजते."

त्या दिवसानंतर मामाजी रोज जायला लागले. पुढच्या दाराने. तुळसामामी चहा ठेवायच्या. गावाची मोठी पंचाईत झाली. नानाजी दारात येऊनही पुंजाजी दुसऱ्या दिवशी होता, तिसऱ्या दिवशी होता, त्या आठवड्यात होता, पुढच्याही आठवड्यात होता. सोजरबाईने तर नानाजींच्या हाताला गुण आहे, असंही सांगायला सुरुवात केली. ते ऐकून मला पहिल्या अफवेपेक्षा जास्त राग आला. दोन्ही बैल पुन्हा एका दावणीला आले. ज्वारी सोंगून झाली. पुंजाजी पडल्या पडल्या खळ्याची विचारपूस करायचा आणि मामाजी त्याला एकेका वावराची खबर सांगायचे.

मार्गशीर्षात एका सकाळी तो गेला. मामाजी जवळच होते. पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि मान वळवली, इतक्या साध्या रीतीने गेला. मामाजी उठले आणि कामाला लागले. जगदेवने बांबू तोडून आणले. मामाजींनी ताटी बांधली, आणि तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. खांदेकरी सांगितले, गोवऱ्यांची बंडी पुढे पाठवली, शिरपूरला माणूस धाडला. सगळं एका पाठोपाठ एक, नेहमीसारखं. लोक आपसात म्हणाले, बघा, दोस्त गेला तरी माणूस कसा कोरडाच्या कोरडा. मी ते ऐकलं, आणि त्या दिवशी भांडायची जागा नव्हती म्हणून गिळलं.

अंगणात तीन दगडांवर हंडा ठेवून पाणी तापवलं होतं. पुंजाजीला पाटावर घेतलं. मामाजींनी बादलीत पाणी काढलं, बाही सारली आणि कोपर बुडवला. थंड पाणी घातलं. पुन्हा कोपर बुडवला. गरम घातलं. परत बुडवला. परत थंड घातलं. पुरुषमंडळी ताटकळली. कुणीतरी कुजबुजलं, नानाजी काय करून राह्यले. मामाजी बादलीपाशी उकिडवे बसले होते, हात पाण्यातच होता. त्यांनी वर पाहिलं. कुणाकडे पाहावं हे त्यांना कळत नव्हतं.

"समजूनच नाही राह्यलं," ते म्हणाले. "गरम हाये का थंडं हाये, समजूनच नाही राह्यलं मले."

बायांच्या घोळक्यातून तुळसामामी उठल्या. गोमतीबाईने त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. बादलीच्या दुसऱ्या बाजूला येऊन त्या बसल्या, आपला कोपर पाण्यात बुडवला, आणि लेकराच्या अंघोळीचं पाणी बघतात तसा जरा वेळ बुडवून ठेवला.

"बरोबर हाये, भाऊजी," त्या म्हणाल्या. "टाका."

मामाजींनी पहिला तांब्या खांद्यावरून टाकला. तुळसामामींनी पदर खोचला, दुसरा तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला.